नवा फ्लॅट की रिसेल? आधी ओसी विचारा

नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कल्याण-डोंबिवली महापालिकेला ६५ अनधिकृत इमारती पाडण्याचा आदेश दिला आणि त्यासाठी तीन महिन्यांची मुदत घातली. या इमारतींना महापालिकेची परवानगीच नव्हती. परवानगीचे बनावट कागद जोडून महारेराची, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची, नोंदणी मिळवण्यात आली होती. तिथे घर घेणारी कुटुंबं डोळे मिटून गेली नव्हती. इमारतीला रेरा नंबर होता, अनेकांना बँकांनी कर्ज दिलं होतं, दस्त नोंदले गेले होते, मुद्रांक शुल्क सरकारी तिजोरीत जमा झालं होतं. नव्हती ती फक्त महापालिकेची खरी मंजुरी, आणि तिच्यापुढे बाकीचे सगळे कागद फोल ठरले.

त्यानंतर काही आठवड्यांतच नालासोपाऱ्यात ४१ इमारतींवर बुलडोझर चालला. सांडपाणी प्रक्रिया केंद्र आणि कचराभूमीसाठी राखून ठेवलेल्या जमिनीवर त्या उभ्या होत्या. हजारो माणसं सामान घेऊन रस्त्यावर आली.

घर घ्यायचं ठरलं की घराघरांत चर्चा मात्र वेगळ्याच टोकापासून सुरू होते. नवं घ्यायचं की रिसेलचं? काका सांगतात, जुन्या घराच्या भानगडीत पडू नका. ऑफिसातली मैत्रीण सांगते, बांधकाम चालू असलेल्या ठिकाणी पैसे अडकवू नका. दोघांकडेही आपापल्या अनुभवाचा भक्कम दाखला असतो. खरा फरक असा आहे: बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात ग्राहकाच्या हाती घर येत नाही, घर बांधून देण्याचा करार येतो. रिसेलमध्ये घर डोळ्यांसमोर असतं, पण त्याच्याबरोबर आधीचा मालक, मूळचा बिल्डर आणि सोसायटी या तिघांचा मागचा सगळा हिशेबही येतो. यातली कोणती जोखीम आपल्याला तपासता येईल आणि कोणती झेपेल, हे ठरवलं की नव्या-जुन्याचा प्रश्न बराच सोपा होतो.

आधी नव्याचं पाहू. महारेराचं कामकाज १ मे २०१७ रोजी सुरू झालं. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या भूखंडावरचा किंवा आठपेक्षा जास्त घरांचा प्रकल्प नोंदणीशिवाय विकता येत नाही. नोंदवलेला करार झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या बँक खात्यात ठेवून त्याच प्रकल्पाच्या जमिनीवर आणि बांधकामावर खर्च करावे लागतात. एका प्रकल्पाचे पैसे दुसऱ्या जमिनीत गुंतवायचे आणि पहिला प्रकल्प लोंबकळत ठेवायचा, या जुन्या सवयीला त्यामुळे बराच चाप बसला. चटईक्षेत्राची व्याख्याही कायद्यानेच ठरवून दिली, त्यामुळे ‘सुपर बिल्ट-अप’च्या नावाखाली जिना, लिफ्ट आणि लॉबी ग्राहकाच्या गळ्यात मारणं थांबलं.

पैसे कधी द्यायचे याचाही नमुना महाराष्ट्राच्या नियमांतल्या आदर्श करारात आहे. करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोत्याचं काम झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत, सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत. पुढे भिंती, फरशी, लिफ्ट असे टप्पे येतात आणि शेवटचे पाच टक्के ताबा मिळताना द्यायचे. हा क्रम नीट पाहिला की लक्षात येतं, स्लॅब पडले म्हणजे सत्तर टक्के पैसे गेलेले असतात आणि घर अजून राहण्याजोगं नसतं. प्रकल्प रखडतात ते बहुधा याच टप्प्यावर. सांगाडा उभा, पैसा संपलेला, ग्राहकाचा हप्ता आणि चालू घराचं भाडं दोन्ही सुरू.

ताब्याला उशीर झाला तर पैसे व्याजासह परत मागण्याचा किंवा घर घ्यायचंच असेल तर ताबा मिळेपर्यंत दरमहा व्याज घेण्याचा हक्क रेरा कायद्याच्या कलम १८ ने दिला आहे. महाराष्ट्रात हा दर स्टेट बँकेच्या सर्वोच्च कर्जदरापेक्षा दोन टक्के जास्त असतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये न्यूटेक खटल्यात हा परताव्याचा हक्क बिनशर्त असल्याचं सांगितलं. कागदावर हे फार मोठं संरक्षण आहे. मात्र आदेश मिळणं आणि पैसे हातात पडणं यांत अंतर राहतं. बिल्डरने आदेश पाळला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसुली करावी लागते, आणि बिल्डरकडे वसूल करण्याजोगं काही उरलंच नसेल तर ती वसुली वर्षानुवर्षं फायलीत राहते. म्हणून बुकिंगआधी महारेराच्या संकेतस्थळावर त्या प्रकल्पाचं पान उघडून नीट वाचावं: पूर्णत्वाची तारीख किती वेळा पुढे ढकलली, जमिनीवर कर्ज आहे का, कोर्टात दावे आहेत का, दर तिमाहीची प्रगती भरलेली आहे का. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणं बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की थेट हेच पान उघडतं. कल्याण-डोंबिवलीच्या अनुभवानंतर तपासणी मात्र इथेच थांबवू नये. बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात, नाहीतर तिच्या संकेतस्थळावर, तो खरा आहे की नाही हे पडताळावं. एक फेरी पडेल, पण ती टाळण्याजोगी नाही.

आता पैशांचा हिशेब. पुण्यात ८० लाखांचं बांधकाम चालू असलेलं घर घेतलं तर त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे ४ लाख रुपये. सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी शुल्क ३० हजार. घर जवळजवळ ९० लाखांना पडलं. याच किमतीच्या रिसेल घराला जीएसटी नाही, त्यामुळे सरकारी खर्चापुरते ४ लाख तिथेच वाचतात. त्यात एजंटचे एक-दोन टक्के आणि सोसायटीची ट्रान्सफर फी मिळवली तरी जुनं घर स्वस्तच दिसतं. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के आहे. घर फक्त महिलेच्या नावावर घेतलं तर राज्यात एक टक्का सवलत मिळते, आणि असं घर पुरुषाला पंधरा वर्षं विकता येणार नाही, ही जुनी अट २०२३ मध्ये निघाली. परवडणाऱ्या गटात, म्हणजे ४५ लाखांपर्यंतच्या घराला, जीएसटी एकच टक्का आहे. त्यासाठी मुंबई महानगर प्रदेशात चटईक्षेत्र ६० चौरस मीटरपर्यंत हवं. या नियमाच्या यादीत पुणे महानगर नसल्याने तिथे मर्यादा ९० चौरस मीटरची आहे.

या हिशेबात बँकेची एक गोष्ट बरेच जण विसरतात. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते, आणि त्या किमतीत मुद्रांक शुल्क व नोंदणी धरत नाहीत. म्हणजे वरच्या उदाहरणात कर्ज फार तर ६४ लाखांचं. उरलेले १६ लाख आणि करांचे सुमारे १० लाख, असे २६ लाख खिशातून काढावे लागतात. रिसेलमध्ये आणखी एक अडचण येते: इमारत तीस-चाळीस वर्षांची असेल तर तिचं उरलेलं आयुष्य पाहून बँक कर्जाची रक्कम किंवा मुदत कमी करते. त्यातच विक्रेता काही रक्कम रोखीत मागू लागला तर तिथून परत फिरलेलं बरं. स्थावर व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणं कायद्याने मना आहे, आणि रोखीत दिलेल्या पैशांवर कर्ज मिळत नाही, भांडण झालं तर पावतीही नसते.

नवं आणि रिसेल यांच्या मधली एक वाट अनेकांच्या नजरेतून सुटते. ओसी, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, मिळाल्यावर बिल्डरकडे शिल्लक राहिलेले फ्लॅट. पूर्णत्वाचा दाखला मिळाल्यानंतर झालेल्या विक्रीवर जीएसटी नाही. घर पाहून, नळ सोडून, खिडकी उघडून घेता येतं. शिवाय रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांच्या आत तो फुकट दुरुस्त करायचा असतो. हे संरक्षण कुठल्याही रिसेल विक्रेत्याकडून मिळत नाही. असे फ्लॅट थोडे महाग असतात आणि निवड कमी असते, कधी नकोसा मजला उरलेला असतो. तरीही आयुष्यभराची बचत एकाच घरात घालणाऱ्या कुटुंबाने पहिला शोध इथूनच सुरू करावा.

कारण ओसी नसण्याची किंमत किती मोठी असते, हे वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडने दाखवून दिलं. १९८० च्या दशकात तिथे सात इमारती उभ्या राहिल्या. मंजुरी पाच मजल्यांची; बांधकाम त्याच्या कितीतरी वर गेलं, एक इमारत तर वीस मजल्यांची झाली. फेब्रुवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले नियमित करायला नकार दिला आणि जून २०१४ मध्ये सुमारे शंभर घरांची वीज, पाणी, गॅस तोडण्यात आले. यातल्या कित्येकांनी घर रिसेलमध्ये घेतलं असेल, नसेल. कायद्यापुढे त्याने फरक पडला नाही. अनधिकृत मजला तीस वर्षं वापरात राहिला म्हणून अधिकृत होत नाही. आणि पाडकाम नाही झालं तरी मुंबईत ओसी नसलेल्या इमारतीला पाणीपट्टी दुप्पट दराने भरावी लागते.

रिसेलचा खरा गुंता कागदांत आहे, आणि तो नव्या घरापेक्षा जास्त मानवी आहे. पहिल्या बिल्डरपासून आजच्या विक्रेत्यापर्यंत घर जितक्या हातांतून गेलं तितके नोंदवलेले करार, एकामागोमाग एक, मूळ प्रतीत हवेत. मधला एक जरी गहाळ असेल किंवा त्यावर पुरेसं मुद्रांक शुल्क भरलेलं नसेल तर बँकेचा वकील तिथेच अडतो. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट घ्यावा. विक्रेत्याचं कर्ज चालू असेल तर मूळ कागद त्याच्या बँकेत असतात. अशा वेळी पैसे थेट त्या कर्जखात्यात जमा करून ना-देय दाखला आणि कागद सोडवून घ्यावे लागतात.

वारसांचा प्रश्न तर घरोघरचा. वडील गेले, सोसायटीच्या दप्तरी नॉमिनी म्हणून धाकट्या मुलाचं नाव, आणि तोच फ्लॅट विकायला निघतो. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सहकार कायद्यातही तो तात्पुरता सभासद आहे. सासरी गेलेल्या बहिणीची सही नसेल तर तिचा हक्क शाबूत राहतो आणि ती पाच वर्षांनी कोर्टात जाऊ शकते. म्हणून सगळ्या वारसांचं नोंदवलेलं हक्कसोडपत्र किंवा विक्रीवर त्यांची सही, यातलं एक हवंच. ठाणे, पुणे, डोंबिवलीत अलीकडे आणखी एक प्रकार वारंवार दिसतो: आई-वडिलांचा फ्लॅट विकणारी मुलं अमेरिकेत किंवा आखातात स्थायिक झालेली असतात. विक्रेता भारतात राहणारा असेल तर ५० लाख किंवा त्यावरच्या व्यवहारात खरेदीदाराने एक टक्का कर कापून सरकारात भरायचा असतो. तो अनिवासी असेल तर कपात बरीच जास्त असते आणि रकमेची ही मर्यादाही लागू होत नाही. कर कापला नाही तर आयकर खात्याची नोटीस खरेदीदाराच्या पत्त्यावर येते.

जमीन कोणाची हेही विचारावं. नवी मुंबईत सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची आहे आणि घर हस्तांतर करताना सिडकोची परवानगी व शुल्क लागतं. मुंबई-पुण्यातल्या अनेक जुन्या सोसायट्या सरकारने दिलेल्या जमिनीवर आहेत आणि तिथे जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय केलेला व्यवहार अंगाशी येतो. म्हाडाच्या सोडतीतलं घर पहिली पाच वर्षं विकता येत नाही.

सोसायटीच्या बाबतीत खरेदीदार उगाचच दबून असतो. महापालिका क्षेत्रात ट्रान्सफर प्रीमियम जास्तीत जास्त २५ हजार रुपये, असं सरकारचं ९ ऑगस्ट २००१ चं परिपत्रक सांगतं. त्याउपर ‘बिल्डिंग फंड’, ‘ऐच्छिक देणगी’ अशा नावांनी लाख-दोन लाख मागितले तर ते देणं बंधनकारक नाही. आदर्श उपविधींप्रमाणे विक्रीसाठी सोसायटीच्या एनओसीचीही गरज नाही. बँक मागते म्हणून ती घ्यावी लागते. पार्किंगचंही तसंच. दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी ठरवलं की उघडं किंवा स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डर वेगळं विकू शकत नाही, ते सोसायटीचं असतं. तेव्हा अशा इमारतीत ‘पार्किंगसकट’ म्हणून दोन-चार लाख जास्त सांगणाऱ्या विक्रेत्याकडे सोसायटीने दिलेलं वाटपपत्र आहे का, हे आधी पाहावं.

एवढे कागद पाहून झाल्यावर इमारतीकडे वळायचं. इथे वयाचा भरवसा धरता येत नाही. ऑगस्ट २०२० मध्ये महाडची तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळून १६ माणसं गेली, आणि ती जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. जुलै २०१७ मध्ये घाटकोपरच्या सिद्धी साई इमारतीने १७ जणांचा बळी घेतला. तिथे तळमजल्यावर चाललेल्या फेरफारांत आधार देणाऱ्या भागाला धक्का लागल्याचा आरोप झाला. म्हणजे धोका नव्यातही असतो, आणि जुन्या घरात तो शेजाऱ्याच्या रिनोव्हेशनमधूनही येतो. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्यापुढच्या इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट व्हायला हवं. तो अहवाल मागायचा. मुंबईत इमारत ‘सी-१’ वर्गात गेली असेल तर ती रिकामी करून पाडायची असते. तिथे घर घेणं म्हणजे डोळ्यांदेखत संकट विकत घेणं. रिसेलचं घर जुलै-ऑगस्टमध्ये पाहावं. पश्चिमेची भिंत, वरच्या मजल्याचं छत, बाथरूमला लागून असलेली भिंत आणि बीमवरचे गंजाचे ओघळ पावसात जे सांगतात ते एजंट सांगत नाही. खालच्या घरात गळती असेल तर ती दुरुस्त करून देण्याचं भांडणही घरासोबत येतं. जुनं वायरिंग दोन एसी आणि गिझर एकदम सोसत नाही, लोखंडी पाइप आतून गंजलेले असतात. ही कामं लाखांत जातात आणि त्यांना गृहकर्जाच्या दराने पैसे मिळतीलच असं नाही.

पाणी मात्र दोन्हीकडे विचारायचं. पुणे महापालिकेत २०२१ मध्ये २३ गावं आली. वाघोली, सूस, म्हाळुंगे त्यांतलीच. तिथल्या नव्या टॉवरांना महापालिकेचं नाव मिळालं, पण नळाचं पाणी तेवढ्या वेगाने पोचलं नाही. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये येतो, आणि तो बुकिंगच्या वेळी कुणी सांगत नाही. शेजारच्या तयार इमारतीतल्या वॉचमनला विचारलं तर तो दिवसाला किती टँकर येतात ते लगेच सांगतो.

कोथरूड, विलेपार्ले, मुलुंडसारख्या भागांत तीन-चार मजली जुन्या इमारतीतलं घर लोक घेतात ते रिडेव्हलपमेंटच्या आशेने. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनी पुनर्विकासासाठी ५१ टक्के सभासदांची संमती पुरेशी केली, त्यामुळे ही आशा पूर्वीपेक्षा खरी झाली आहे. पण ती दोन गोष्टींवर टिकते. पहिली, जमीन सोसायटीच्या नावावर झाली आहे का? १९६३ च्या मोफा कायद्यानेच बिल्डरवर ही जबाबदारी टाकली, तरी हजारो सोसायट्यांची जमीन आजही मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. त्यासाठी २००८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे लोकांच्या तोंडचं ‘डीम्ड कन्व्हेयन्स’, आणावं लागलं. दुसरी, त्या भूखंडावर जास्त बांधता येईल का? रस्ता अरुंद असेल, किंवा पार्ले-सांताक्रूझसारखा भाग विमानतळाच्या उंचीच्या मर्यादेत येत असेल, तर बिल्डरचं गणित बसत नाही आणि इमारत तशीच राहते. गोरेगावच्या पत्राचाळीत ६७२ कुटुंबांनी २००८ मध्ये घरं सोडली. दहा वर्षं उलटली तरी नवी घरं मिळाली नाहीत आणि २०१८ मध्ये प्रकल्प म्हाडाला आपल्याकडे घ्यावा लागला. रिडेव्हलपमेंट होईल या भरवशावर आजच्या घराच्या किमतीत दहा-वीस लाख जास्त मोजणाऱ्याने हा अनुभव डोळ्यांसमोर ठेवावा.

ज्यांचं स्वतःचं एक घर आहे, भाड्याचा बोजा नाही आणि तीन-चार वर्षं थांबायची तयारी आहे, त्यांना बांधकाम चालू असलेला प्रकल्प परवडतो. किंमत टप्प्याटप्प्याने भरता येते, नवी लिफ्ट आणि पार्किंग मिळतं. ज्यांना पुढच्या जूनमध्ये मुलांची शाळा बदलायची आहे, आई-वडिलांना दवाखाना जवळ हवा आहे, भाड्यासोबत हप्ता झेपत नाही, त्यांनी सात-आठ ते पंधरा वर्षांच्या इमारतीतलं, ओसी आणि कन्व्हेयन्स दोन्ही झालेलं घर शोधावं. या वयाच्या इमारतीच्या खोडी एव्हाना बाहेर आलेल्या असतात, आणि पुनर्विकासाची घाई अजून लागलेली नसते.

व्यवहार ठरला की टोकन चेकने किंवा बँकेतून द्यावं आणि पावतीवर लिहून घ्यावं की सर्च रिपोर्टमध्ये दोष निघाला किंवा कर्ज नामंजूर झालं तर ते परत मिळेल. शेवटची मोठी रक्कम आणि चाव्या एकाच दिवशी बदलाव्यात. विक्रेत्याचं वीजबिल, मालमत्ता कर आणि मेंटेनन्स त्या तारखेपर्यंत चुकते झालेले असावेत. इंडेक्स टू, म्हणजे दस्तनोंदणीचा उतारा, हातात आला की सोसायटीकडे सभासदत्वाचा अर्ज, शेअर सर्टिफिकेटवर नाव, महापालिकेत मालमत्ता कराची नोंद आणि वीजमीटर आपल्या नावावर, ही चार कामं त्याच महिन्यात उरकावीत, कारण दहा वर्षांनी तोच फ्लॅट रिसेलला निघेल तेव्हा समोरचा खरेदीदार हेच कागद मागणार असतो.